विश्रामबागवाडा: दहा वर्षांचे घर, दोनशे वर्षांचे शहर

तुळशीबागेची गर्दी मागे टाकून बाजीराव रस्त्यावर आले की दुकानांच्या पाट्या आणि वाहनांची रीघ यांच्या मधून एक लांबच लांब लाकडी दर्शनी बाजू पुढे येते. खाली दगडी जोते, वर सागवानी खांबांची ओळ आणि रस्त्याच्या अंगाला झुकलेला कोरीव सज्जा. हा विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाने तो बांधला, १८०७ च्या सुमारास काम पुरे झाले आणि त्या काळचे दोन लाख रुपये त्यावर खर्ची पडले, एवढे पुण्यात अनेकांना ऐकून ठाऊक असते. वाडा आज पुणे महानगरपालिकेच्या ताब्यात आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी पालिकेने त्याचा जीर्णोद्धार हाती घेतला आणि ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे शहराच्या इतिहासाचे प्रदर्शन इथे मांडले. शहराची कहाणी शहरातल्याच एका जुन्या घरात सांगायची, हा बेत चांगला आहे. पण त्यात एक गोष्ट नेहमी मागे पडते. या घरात पेशवा राहिला तो जेमतेम दहा-अकरा वर्षे. त्यानंतर दोनशे वर्षे ते पाठशाळा, कॉलेज, हायस्कूल, नगरपालिका, टपाल कचेरी अशा नाना रूपांनी पुण्याने वापरले. तरीही आपण ते ‘पेशव्यांचा वाडा’ म्हणून ओळखतो, दाखवतो आणि दुरुस्तही करतो. माझे म्हणणे असे की पुण्याच्या इतिहासाचे संग्रहालय होण्याची लायकी या वाड्याला पेशव्यामुळे थोडी आणि पेशव्यानंतरच्या दोन शतकांमुळे पुष्कळ आली आहे. आणि त्याची दुरुस्ती, मांडणी, फलक हे सगळे त्या हिशेबाने व्हायला हवे.

आधी पेशव्याची वर्षेच घेऊ, कारण त्या वर्षांबद्दलही वाडा जे सांगतो ते आपण नीट ऐकलेले नाही. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाला, वसईला जाऊन ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांशी तह केला, आणि १८०३ च्या मे महिन्यात इंग्रजी फौजेच्या आधाराने पुन्हा पुण्यात येऊन गादीवर बसला. त्या तहाने सहा हजारांची इंग्रजी पलटण पेशव्याच्या राज्यात कायमची आली आणि तिच्या खर्चापोटी वर्षाला सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख गेला. विश्रामबागवाड्याचे काम पुरे झाले ते या पार्श्वभूमीवर. आता जवळच उभा असलेला शनिवारवाडा आठवा. १० जानेवारी १७३० ला त्याचा पाया घातला गेला. सुरुवातीचा खर्च सोळा हजार एकशे दहा रुपये सांगितला जातो. त्याला पुढे तट चढला, नऊ बुरूज झाले, हत्तीची धडक अडवणारे अणकुचीदार खिळे दिल्ली दरवाजावर ठोकले गेले. त्या घराला शत्रू येईल याची जाणीव होती आणि शत्रूला आपणच तोंड द्यायचे आहे याचीही. विश्रामबागवाड्याची दर्शनी बाजू मात्र सरळ रस्त्यावर उघडते. बुरूज नाही, तट नाही. सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत जाणारे खांब, त्यांच्या माथ्यावर केळफुलाच्या घाटाचे हस्त, आत एकामागे एक चौक, वर प्रशस्त दिवाणखाना. सगळी कारागिरी दिसण्यासाठी आणि बसण्याउठण्यासाठी खर्च झाली आहे.

कुणी म्हणेल, राहत्या वाड्याला बुरूज कशाला हवेत? सरदारांचे आणि सावकारांचे वाडे कुठे बुरुजांचे असत? आक्षेप खरा आहे, आणि केवळ तट नाही एवढ्यावरून राज्य गेल्याचा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. पण हा सरदाराचा वाडा नव्हता. राज्याचा कारभारी आपल्या आजोळ-पणजोळच्या नव्हे, थेट वाडवडिलांच्या किल्ल्यासारख्या घरातून उठून इथे राहायला आला होता. त्या जुन्या घरात १७७३ च्या ऑगस्टात नारायणरावांचा खून झाला होता आणि १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा सज्ज्यावरून पडून अंत झाला होता. नारायणरावांच्या खुनात ज्याचे नाव घेतले जाते त्या राघोबादादाचाच बाजीराव मुलगा. त्याला ते घर नकोसे वाटले असेल तर नवल नाही. पण भीतीने घर सोडणारा माणूस नवे घर उघड्यावर बांधतो, तेव्हा पहारा दुसरीकडून मिळेल याची त्याला खात्री असावी लागते. ती खात्री त्याने वसईत विकत घेतली होती. शनिवारवाड्याच्या सोळा हजारांत एक उगवती सत्ता आहे आणि विश्रामबागच्या दोन लाखांत मावळती, हे शंभर पानांच्या इतिहासापेक्षा दोन्ही दारांपुढे लागोपाठ उभे राहून लवकर समजते.

इथे दुसरा, जास्त भावनेचा आक्षेप येतो. ज्याने राज्य घालवले त्याचे विलासगृह जपण्यात पालिकेने पैसा का घालावा? मराठी मनात दुसऱ्या बाजीरावाविषयी जी नाराजी आहे ती निराधार नाही. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, पुढच्या जूनमध्ये बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला आणि सालीना आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला गेला. तिथे तो १८५१ पर्यंत जगला. हा सारा इतिहास दुःखाचा आहे. पण संग्रहालय म्हणजे सत्काराची जागा असते हा समज सोडला की आक्षेपाची धार जाते. शहराला आपल्या विजयांच्या इतकीच आपल्या घसरणीची जागाही माहीत हवी. शिवाय बाजीरावाच्या घरांपैकी फारसे काही उरलेले नाही. त्याचा शुक्रवारवाडा जळाला, बुधवारवाडा जळाला, आणि बिठूरचा वाडा १८५७ च्या उठावात इंग्रजांनी जमीनदोस्त केला. जे एक घर उरले ते कोणामुळे उरले, हा प्रश्न त्यामुळे अधिकच महत्त्वाचा होतो.

उत्तराची सुरुवात १८२१ मध्ये आहे. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी इंग्रज सरकारने विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. त्यामागे दक्षिणेचा पैसा होता. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची पेशव्यांची मोठी प्रथा होती. त्यासाठी पर्वतीजवळच्या रमण्यात हजारोंचा मेळा जमे. इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनला ही प्रथा एकदम तोडायची नव्हती, कारण नुकत्याच जिंकलेल्या शहरातले शास्त्री-पंडित दुखावणे त्याला परवडणारे नव्हते. म्हणून दक्षिणेचा काही भाग विद्येकडे वळवून ही पाठशाळा निघाली. शिकवायचे ते शास्त्रच, शिकणारे ब्राह्मणच. त्या क्षणी वाड्यात बदलले ते एवढेच की मालकाच्या जागी सरकार आले. पण घर एकदा शिकण्याच्या कामाला लागले की त्यात कोणी यावे, काय शिकावे, कोणत्या भाषेत शिकावे हे प्रश्न त्याच्या भिंतींतूनच उठायला लागतात. १८४९ मध्ये गोपाळ हरी देशमुखांसारख्या तरुणांनी दक्षिणेच्या पैशातून मराठी ग्रंथांना उत्तेजन द्यावे असा अर्ज केला, त्यावरून शहरात खळबळ झाली. १८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एक होऊन पूना कॉलेज झाले. १८६४ मध्ये त्याचे नाव डेक्कन कॉलेज पडले आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले. पश्चिम भारतातल्या एका नामांकित विद्यापीठाची मुळे अशी या चौकात आहेत.

या पाठशाळेची देखरेख पुष्कळ वर्षे मेजर थॉमस कँडी याच्याकडे होती. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात त्याचा हात होता आणि १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश त्याच्या नावावर आहे. पण मला वाड्याच्या संदर्भात त्याची आठवण आणखी एका कारणासाठी महत्त्वाची वाटते. पेशव्यांचा कारभार मोडीत चाले. मोडीचा लिहिणारा रेघ ओढून ओळीला अक्षरे लटकवत जाई. शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नव्हती, स्वल्पविराम नव्हता, प्रश्नचिन्ह नव्हते. वाचणाऱ्याने अर्थावरून श्वास घ्यायचा. छापील मराठी गद्य घडू लागले तेव्हा त्याला हे श्वास दाखवण्याची गरज पडली, आणि ती विरामचिन्हे मराठीत रुजवण्यात कँडीचा मोठा वाटा आहे. त्याने त्यांवर एक पुस्तिकाही लिहिली. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेत शिकले. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठी घरांत पोचवणारे ते हेच. आज कोणताही मराठी लेख जिथे थांबतो, जिथे प्रश्न विचारतो, तिथे थोडासा विश्रामबागवाडा असतो असे म्हटले तर ते केवळ अलंकारिक ठरणार नाही. मोडीचे एक पेशवेकालीन पत्र आणि त्याच्या शेजारी कँडीच्या काळातले छापील पान, एवढ्या दोनच वस्तू इथल्या एका दालनात ठेवल्या तरी ते दालन भरेल.

मग १६ नोव्हेंबर १८५२ चा दिवस येतो. जोतीराव फुले यांनी मुलींच्या आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी केलेल्या कामाबद्दल सरकारने त्यांचा जाहीर सत्कार केला, मेजर कँडीच्या हस्ते त्यांना शालजोडी दिली, आणि हा समारंभ विश्रामबागवाड्यात झाला. आधीची चार वर्षे आठवली म्हणजे या प्रसंगाचे वजन लक्षात येते. १८४८ मध्ये बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, सावित्रीबाई शिकवायला लागल्या, आणि त्या दोघांना घर सोडावे लागले. ज्या दक्षिणेवर फक्त एका वर्णाचा हक्क होता तिच्यातूनच पुढे मुलींच्या शाळांना मदत मिळाली. ज्या घरात तीस वर्षांपूर्वी फक्त ब्राह्मण विद्यार्थ्यांना प्रवेश होता तिथे माळी समाजातला पंचवीस वर्षांचा शिक्षक मानाची शाल घेण्यासाठी उभा राहिला. एका शालीने समाज बदलत नाही, हेही तितकेच खरे. १८५५ मध्ये जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले आणि कमिटीतल्या विरोधामुळे ते नाकारले गेले. दार उघडले आणि पुन्हा ओढून घेतले गेले, असे म्हणता येईल. पण दाराचे हे उघडणे-मिटणे हाच पुण्याच्या एकोणिसाव्या शतकाचा गाभा आहे. त्या दाराची प्रत्यक्ष चौकट शाबूत असलेल्या ज्या थोड्या जागा आहेत, त्यांतली ही एक आहे. भिडेवाड्याचे काय झाले ते समोर आहे. वर्षानुवर्षे तो दुकाने, भाडेकरू आणि न्यायालयातले वाद यांत अडकून ढासळत राहिला आणि २०२३ च्या डिसेंबरात राष्ट्रीय स्मारकासाठी जागा मोकळी करताना पाडला गेला. स्मारक उभे राहील, पण मुली ज्या जिन्याने चढल्या तो जिना आता कुणालाच पाहता येणार नाही. म्हणून जिथे जुने लाकूड, जुना जिना, जुनी फरशी अजून हाताला लागते तिथे फुल्यांच्या सत्काराची खूण जाड अक्षरांत असायला हवी असे मला कळकळीने वाटते.

वाड्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना मात्र १८७९ ची. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार हादरलेले असताना मे महिन्यात एका रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा दोन्ही पेटवले गेले. बुधवारवाडा नामशेष झाला. विश्रामबागचा मोठा भाग जळाला. पहिला संशय साहजिकच बंडवाल्यांवर गेला. पण वाड्याच्या दृष्टीने कोणी आग लावली यापेक्षा नंतर काय झाले ते जास्त मोलाचे. तेव्हा इथे सरकारी हायस्कूल भरत होते. इमारत कामाची होती. लोकांनी वर्गणी दिली, नगरपालिकेने हातभार लावला आणि जळालेला भाग पुन्हा बांधला गेला. म्हणजे आज आपण जो ‘पेशवेकालीन’ वाडा पाहतो त्यातला काही भाग पेशवाई बुडून साठ वर्षे झाल्यावर पुण्याच्या नागरिकांनी उभा केलेला आहे.

जीर्णोद्धाराचा खरा पेच इथेच सुरू होतो. जुने घर दुरुस्त करायचे म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत मागे न्यायचे? एक मत असे की मूळ स्वरूप तेवढे खरे. १८०७ चा वाडा कसा होता ते शोधावे, त्यानंतर चढलेले सगळे थर खरवडून काढावेत, आणि पेशव्याचा दिवाणखाना पूर्वीसारखा झळाळता करावा. या मतामागे केवळ वैभवाची हौस नाही. जुन्या इमारतींत नंतरच्या काळात जे घातले जाते त्यातले बरेच खरोखर हानिकारक असते: कचेरीसाठी ठोकलेल्या प्लायवुडच्या आडभिंती, कोरीव खांबांवर चढवलेला तैलरंग, विजेच्या तारांची जाळी, फुटलेल्या चुन्यावर लिंपलेले सिमेंट. हे काढायलाच हवे. पण नंतरचे म्हणून सगळे एका मापाने मोजले तर १८७९ नंतरचे पुनर्बांधकामही ‘भेसळ’ ठरते, शाळेच्या काळातल्या खुणाही कचरा ठरतात. मग उरते ते एक बनवलेले १८०७, जे कुठल्याच सालात नेमके असे अस्तित्वात नव्हते. कसोटी काळाची नसावी. वाड्याच्या देहाला जे मारते ते काढावे आणि वाड्याच्या आयुष्याबद्दल जे बोलते ते ठेवावे, ही कसोटी मला जास्त प्रामाणिक वाटते.

देहाला काय मारते हे कळायला पुणेरी वाड्याची बांधणी थोडी समजून घ्यावी लागते. जोते घडीव दगडाचे. त्यावर दगडी तळखडे, तळखड्यावर लाकडी खांब, खांबावर हस्त, त्यावर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर पाट. या छताला कडीपाट म्हणतात. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि घर किती मोठे हे किती खणी यावरून सांगत. भिंती विटांच्या, खालच्या अंगाला चुन्याच्या आणि वर पुष्कळदा मातीच्या बांधणीत. भार बहुतांश लाकडाच्या सांगाड्यावर, भिंती त्याला भरीव साथ देणाऱ्या. लाकूड जमिनीला थेट टेकू न देणारा तळखडा हा बारीकसा भाग खांबाचे अर्धे आयुष्य राखतो, कारण ओल आणि वाळवी खालून येते. चुना घाणीत मळून त्यात गूळ, बेलफळ, उडीद, हिरडा असे पदार्थ घालीत. त्याने तो चिवट होई आणि सावकाश सुकल्याने भेगा कमी पडत. असा चुना ओल आत घेतो आणि पुन्हा बाहेर सोडतो. सिमेंट ओल कोंडते. पावसाळ्यात भिंतीत शिरलेले पाणी मग सिमेंटच्या गिलाव्यामागे अडकून शेजारच्या लाकडात उतरते, आणि बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या भिंतीच्या आत तुळईचे टोक कुजत राहते. घाईने केलेली डागडुजी वाड्याला आगीपेक्षा सावकाश, पण तितक्याच खात्रीने संपवते. म्हणूनच चुना मळणारे आणि जुने लाकूड वाजवून पोकळ-भरीव ओळखणारे सुतार मिळवणे, त्यांना पुरेसा वेळ देणे, कुजलेले तेवढेच टोक कापून त्याला नवे लाकूड सांधणे हे काम किचकट आणि खर्चिक असते. ते एकदा करून संपतही नाही. दर पावसाळ्यानंतर पुन्हा पाहावे लागते.

पुढचा थर नगरपालिकेचा. साधारण १९३० पासून १९५९ पर्यंत शहराचा कारभार या वाड्यातून चालला; १५ फेब्रुवारी १९५० ला नगरपालिकेची महानगरपालिका झाली तीही याच काळात. पाण्याचे नळ, गटारे, दिवाबत्ती, शाळा, कर यांचे निर्णय जिथे होत होते ते हे घर. रे मार्केटला, म्हणजे मंडईला, महात्मा फुल्यांचे नाव मिळाले तेही याच कालखंडात, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना. जोतीराव स्वतः नगरपालिकेचे सदस्य होते तेव्हा त्यांनी मंडईच्या इमारतीवरच्या मोठ्या खर्चाला विरोध केला होता, ही गोष्ट त्या नावाशी जोडून सांगितली तर शहराच्या कारभाराचे अर्धशतक एका वाक्यात उभे राहते. पण प्रदर्शनांना लढाया आणि मिरवणुका सांगणे सोपे जाते. पाणीपट्टी सांगणे अवघड जाते. पुण्याच्या बाबतीत ही अडचण खरे तर नसावी. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजहून नळाने शहरात पाणी आणले, हौद बांधले. त्या हौदांपासून १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटून आलेल्या पुरापर्यंत, पुण्याचा इतिहास पाण्याच्या अंगाने सलग सांगता येतो. तो सांगायला नगरपालिकेच्या जुन्या घरापेक्षा योग्य जागा कुठली?

कोणी विचारेल, कचेऱ्यांनीच तर वाड्यांची वाट लावली, मग वापराचे एवढे कौतुक का? कागदांच्या गठ्ठ्यांनी जमिनी वाकतात, माणसांच्या वर्दळीने जिने झिजतात, हे खरे. पण पर्याय काय होता ते पाहा. शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारीत पेटला, काही दिवस जळत राहिला, आणि मग आतली घरे पुन्हा उभी राहिली नाहीत. आज तिथे तट, दरवाजे आणि बागेतले चौथरे आहेत. बुधवारवाडा १८७९ मध्ये गेला तो गेलाच. विश्रामबाग त्याच आगीतून उठला. ही सारी दैवाची गोष्ट होती असे म्हणायला जागा आहे, आणि एक-दोन उदाहरणांवरून नियम बांधू नये हेही मान्य. तरी ज्या घरात मुले रोज शिकायला येत होती ते पुन्हा बांधण्यासाठी वर्गणी निघाली, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असे मानणे मला कठीण जाते. वापर झीज करतो आणि वापरच दुरुस्तीची निकड निर्माण करतो. म्हणून टपाल कचेरीसारखा साधा वापर एखाद्या वारसा-इमारतीत चालणे मला कमीपणाचे वाटत नाही. पाकीट टाकायला आलेला माणूस सुरूच्या खांबाजवळून जातो, हे तिकीट काढून येणाऱ्या पाहुण्याइतकेच घराच्या हिताचे आहे.

संग्रहालयाच्या जाणकारांचा एक आक्षेप उरतो आणि तो हलका नाही. संग्रहालय वस्तूंचे असते; फलक आणि छायाचित्रे भिंतीला लावली म्हणजे प्रदर्शन होते, संग्रहालय होत नाही. इथून थोड्याच अंतरावर नातूबागेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकरांनी १९२० च्या सुमारापासून आयुष्यभर गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, दारे जमवली आणि पुढे तो संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. कोथरूडच्या मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून त्यांनी तिथे महाल पुन्हा रचला. त्या श्रीमंतीपुढे विश्रामबागमधली चित्रे आणि मजकूर फिके वाटणार. पण केळकर संग्रहालयात घर हे वस्तू ठेवण्याचे पात्र आहे. विश्रामबागमध्ये घर हीच मुख्य वस्तू आहे. इथे काचेची कपाटे वाढवण्यापेक्षा घर वाचायला शिकवले पाहिजे. हा खांब कुठल्या काळाचा, हे कोरीव काम नंतरच्या सुताराने जुन्याच्या नमुन्यावर केले ते कसे ओळखावे, या दिवाणखान्याच्या पाटांवर आधी नाच-गाणे, मग व्याकरणाचे पाठ, मग सभेचे ठराव कसे झाले. जिथे वस्तू खरोखर हव्यात तिथे त्या दूर नाहीत. पेशवे दप्तर पुण्यातच, पुराभिलेखागारात आहे. वाड्याच्या बांधकामाचे, कारागिरांच्या मजुरीचे जे कागद तिथे सापडतील त्यांच्या प्रती मूळ खांबांशेजारी ठेवल्या तर दोन लाखांचा आकडा सुतार, पाथरवट, लोहार यांच्या रोजमुऱ्यात फुटून दिसेल.

याच वाटेने शेवटच्या हरकतीकडे जाता येते. एका पेशव्याच्या घरातून पाहिलेले पुणे हे सदाशिव, नारायण, शनिवार पेठांचे पुणे ठरेल. गंज पेठ, नाना पेठ, भवानी पेठ, लष्कर, गिरण्यांमध्ये आणि लोखंडी कामांत राबणारी वस्ती, मुळा-मुठेच्या काठची माणसे त्यात कुठे? ही हरकत मी पूर्णपणे मान्य करतो. आणि ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ या नावातच जी चढती रेघ आहे, लहान गावाची मोठी नगरी, तिच्याविषयीही मला थोडी काळजी वाटते. चढत्या रेघेत प्लेग बसत नाही, पेटलेले वाडे बसत नाहीत, बहिष्कार बसत नाही. पण या अडचणीवरचा उपाय वाड्याबाहेर शोधायला नको. ज्या पाठशाळेत एकाच जातीला प्रवेश होता तीच पाठशाळा, ती शाल, ते नाकारलेले नाटक आणि गंज पेठेतला आज ‘समता भूमी’ म्हणून जपलेला फुलेवाडा, हे एकाच सूत्रात मांडले तर संग्रहालयाला पेठांच्या सीमा आपोआप ओलांडाव्या लागतील. विश्रामबागच्या चौकातून फुलेवाड्यापर्यंत चालत जाण्याचा रस्ता नकाशावर आखून दिला तरी ते प्रदर्शनाचेच एक दालन होईल.

अनेकदा आग पाहिलेल्या शहरातल्या या लाकडी घरासाठी अग्निशमनाची नीट व्यवस्था, सुरक्षित वायरिंग, एका वेळी किती माणसे वर जाऊ द्यायची याची मर्यादा या गोष्टी कोणत्याही फलकाच्या आधी यायला हव्यात. आणि मग एक लहान काम करावे. १८७९ च्या आगीनंतर ज्यांनी वर्गणी दिली त्यांची नावे एखाद्या वर्तमानपत्राच्या जुन्या अंकात, नगरपालिकेच्या इतिवृत्तात किंवा सरकारी दप्तरात सापडतात का ते कुणी शोधावे. सापडली तर ती बाजीरावाच्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, दर्शनी दाराजवळ लावावीत. आणि दिवाणखान्याच्या जमिनीवर, जुने लाकूड संपून त्यांच्या पैशाचे लाकूड जिथे सुरू होते, तिथे पितळेची एक बारीक पट्टी बसवावी.